दवाखान्यातली उतरंड

जांब समर्थचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते समर्थ रामदासांमुळे. १६०८ च्या रामनवमीला त्यांचा जन्म इथे झाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा गाव पुन्हा बातम्यांत आलं. आजारपणाची बातमी होत नाही. पण हे गाव ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, तिथलं कुठलंही गाव घेतलं तरी आजारी माणसाचा रस्ता ठरलेला आहे. आधी आशाताई. मग उपकेंद्रातली सिस्टर, नाहीतर फाट्यावर सलाईन लावून देणारा डॉक्टर. मग तालुक्याचा दवाखाना, मग जालन्याचं सिव्हिल. तिथेही जमलं नाही, तर चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी रुग्णालय.

या रस्त्यावर महाराष्ट्रातली बहुतेक जातिधर्मांची माणसं भेटतात. आशाताई मराठा असेल, बौद्ध असेल, वंजारी असेल किंवा तांड्यावरची बंजारा असेल. सिस्टर केरळची असू शकते. फाट्यावरचा डॉक्टर युनानीची पदवी घेतलेला मुसलमान असेल किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेला शेतकऱ्याचा पोरगा. घाटीत स्ट्रेचर ढकलणारे मामा, लादी पुसणाऱ्या मावशी, राउंडला आलेले सर, त्यांच्यामागची शिकाऊ पोरं, सगळे एकाच मजल्यावर असतात. वैविध्य हवं म्हणणाऱ्यांना ते इथे भरपूर दिसेल. मात्र स्ट्रेचरपाशी कोण आणि राउंडला पुढे कोण, हे पाहिलं की त्या वैविध्याची उतरंड दिसते, आणि तिची मडकी फारशी जागा बदलत नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांच्या जातीचा वाद प्रवेशाच्या दारापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. दाराच्या आतल्या उतरंडीबद्दल बोलणं क्वचितच होतं. मला या लेखात त्या उतरंडीबद्दलच बोलायचं आहे, पण आधी दाराचा इतिहास पाहायला हवा.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. तिथली पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्यात भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, गोव्याकडचे होजे कामिलो लिस्बोआ होते, पारशीही होते. म्हणजे पहिल्याच दिवशी तीन धर्म एका वर्गात बसले. पण तिन्हीकडून आले ते इंग्रजी शाळेपर्यंत पोचलेले शहरी. या चौकटीबाहेरचा ठळक माणूस म्हणजे डॉ. विश्राम रामजी घोले. जातीने गवळी, पुण्यातले नामांकित शल्यचिकित्सक आणि जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. आज घोले रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा रस्ता एका गवळ्याच्या मुलाच्या, एका डॉक्टरच्या नावाचा आहे हे ठाऊक असेल? फुले दांपत्याचा दत्तक मुलगा यशवंतही डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्याने रुग्णांची सेवा केली, त्याच कामात सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ही हकिगत आपण सावित्रीबाईंच्या बलिदानाची म्हणून सांगतो. प्लेगमध्ये अस्पृश्य वस्तीतल्या रोग्याला हात लावणारा डॉक्टर कोणत्या घरातून आला होता, हेही त्याच हकिगतीत आहे, पण ते सांगितलं जात नाही.

बायकांच्या बाबतीत आनंदीबाई जोशींवर आपण थांबतो. १८८५ सालचं ते छायाचित्र प्रसिद्ध आहे: फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातल्या तिघी, भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली, आपापल्या देशी पोशाखात. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत वारल्या. प्रॅक्टिस त्यांच्या वाट्याला आलीच नाही. ती आली सुतार घराण्यातल्या रखमाबाईंच्या वाट्याला. बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला नकार देऊन त्या कोर्टात उभ्या राहिल्या, १८९४ मध्ये लंडनहून वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं आणि पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटला बाया तपासल्या. आनंदीबाईंच्याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर बाहेर पडल्या. त्या मराठी ख्रिस्ती होत्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केलं. शाळेच्या पुस्तकात एक नाव पक्कं झालं की बाकीची बाहेर राहतात, हे एक त्याचं उदाहरण.

मराठवाडा तेव्हा निजामाचा. हैदराबादला १८४६ पासून वैद्यकशाळा होती आणि तिथे सुरुवातीला शिकवणं उर्दूतून चालायचं. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी तिथेच शिकली आणि पुढे क्लोरोफॉर्म देण्यात तिने नाव कमावलं. पण जालना-अंबडच्या मराठी खेड्यातल्या पोराला ते दार तिहेरी बंद होतं: लांब, परक्या भाषेतलं आणि पैशाचं. गावात औषधोपचार होता तो हकिमाचा, वैदूचा आणि सुइणीचा. सुईण बहुतेक ठिकाणी मांग, महार किंवा न्हाव्याच्या घरची. नाळ कापणं विटाळाचं काम होतं, म्हणूनच ते तिच्याकडे होतं. तेच काम पुढे प्रसूतिशास्त्र नावाने एमबीबीएसच्या वरची, मानाची आणि कमाईची पदवी बनलं, तेव्हा ते कुणाच्या हातात गेलं ते वेगळं सांगायला नको.

जालन्याला पाश्चात्त्य वैद्यक आणण्यात स्कॉटिश मिशनचा मोठा वाटा. त्याच मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात इथे आले. ते मूळचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वसाहत उभी केली आणि तिला जमीन मिळाली निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. एक धर्मांतरित ब्राह्मण मुसलमान दिवाणाच्या जमिनीवर मांग-महार ख्रिश्चनांचं गाव वसवतो, असा प्रसंग कादंबरीत आला असता तर संपादकाने ओढूनताणून आणलेला म्हणून परत केला असता. पुढे ज्या वस्त्यांतून नर्सेस आणि कंपाउंडर निघाले त्यांत अशा ख्रिस्ती वस्त्या पुढे होत्या, कारण आजाऱ्याचं अंग पुसण्याची ज्यांना शरम नव्हती, मिशनने पहिल्यांदा त्यांना पगारी शिक्षण दिलं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ब्राह्मण विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, त्यालाही घरोघरी केवढा विरोध झाला!

स्वातंत्र्यानंतर दाराबाहेरची भांडणं कोर्टात गेली. गंमत अशी की राखीव जागांचा कायदा घडवणारे मोठे खटले पुष्कळदा वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकावरून सुरू झाले आहेत. मद्रासच्या चंपकम दोराईराजन यांनी वैद्यकीय प्रवेशातल्या जातवार वाटपाला आव्हान दिलं, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या आणि उत्तर म्हणून त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ (४) आलं. अमेरिकेत १९७८ सालचा बाकी (Bakke) खटला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय शाळेचा: १०० जागांपैकी १६ वेगळ्या ठेवल्या, त्यावर एक गोरा उमेदवार कोर्टात गेला. आणि आपल्याकडे दहावी-बारावीनंतर राखीव प्रवर्गातल्या प्रत्येक घरात जिच्यासाठी धावपळ होते, ती जात पडताळणी समिती? तिचा नमुना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या माधुरी पाटील निकालात आखून दिला. तोही महाराष्ट्रातला महादेव कोळी दाखल्याचा आणि वैद्यकीय शाखेच्या प्रवेशाचा मामला. २००० मध्ये घटनापीठाने कोष्टी हे हलबा आदिवासी नव्हेत असा निर्णय दिला, पण ज्याच्या दाखल्यावरून खटला झाला त्याची डॉक्टरकी मात्र काढून घेतली नाही. इतक्या वर्षांत तो डॉक्टर होऊन बसला होता. एका खऱ्या आदिवासी पोराची जागा गेली ती गेलीच.

मराठवाड्याला याशिवाय आणखी एक दार होतं, प्रदेशाचं. ७०:३० या सूत्राने प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागाच्या मुलांना मिळत. वरवर न्याय्य. पण घाटीचं महाविद्यालय १९५६ चं, अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकातलं, नांदेडचं १९८८ चं. महाविद्यालयं मोजकी आणि लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेली पोरं ढिगाने. त्यामुळे इथल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा जास्त गुण मिळवूनही सरकारी जागा हुकायची. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द केलं. मंत्री लातूरचे होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही. प्रतिनिधित्वाचं हे त्यातल्या त्यात सरळ उदाहरण.

घनसावंगीशेजारच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर देशाला माहीत झालं. मराठा आरक्षणाच्या या लढ्यात नोकरीइतकीच मेडिकलची सीट बोलली जाते. तीन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतीवर मुलाला लातूरला किंवा संभाजीनगरला क्लासला ठेवलेल्या बापाला एका गुणाची किंमत विचारा. त्याचा राग खरा आहे. पण तो राग जेव्हा राखीव जागेवरून आलेल्या पोराच्या लायकीवर घसरतो, तेव्हा माझी सहानुभूती संपते. खाजगी महाविद्यालयात जागा पैशाच्या जोरावरही मिळते, आणि तिथून बाहेर पडलेल्या डॉक्टरला त्याचे नीटचे गुण पेशंट कधी विचारत नाही.

दारातून आत गेल्यावर काय होतं, ते २२ मे २०१९ ला कळलं. डॉ. पायल तडवी, जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल मुसलमान, स्त्रीरोग विषयाची पदव्युत्तर विद्यार्थिनी, मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात तिने जीव दिला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना जातीवाचक छळाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेलं.   पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका या दोघींनी मिळून उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. प्रवेश मिळाला की समता आली, असं समजणाऱ्यांनी शस्त्रक्रियागृहात कोणाला टेबलापाशी उभं करतात आणि कोणाला कागद भरायला बसवतात, ते एकदा पाहावं.

पण डॉक्टर आपल्यातला असल्याने रोग्याला खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये अर्थशास्त्रज्ञ मार्सेला अल्सान आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,३०० कृष्णवर्णीय पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टरही कृष्णवर्णीय असला की बोलल्यानंतर तपासण्या करून घेण्याचं प्रमाण वाढलं, आणि सुई टोचण्याच्या तपासण्यांत तर जास्तच. आपल्याला हे समजायला प्रयोगाची गरज नाही. घनसावंगीकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरला आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि मगच दुखणं सांगतात.

तरीही रक्ताचं नातं पुरत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न गाजला. सरकारी पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ते दवाखाने काही परदेशी डॉक्टरांचे नव्हते. त्याच मातीतल्या डॉक्टरांनी, बायकांचं कष्टाचं गणित पुरतं ठाऊक असताना, कात्री लावली. उलट गडचिरोलीत अभय आणि राणी बंग बाहेरून गेले. त्यांनी दवाखाना गोंडांच्या घोटुलासारखा बांधला, देवी दंतेश्वरीचं नाव दिलं आणि गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. त्याहून आधी, १९७० पासून, जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अक्षरही न येणाऱ्या, पुष्कळशा दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. वेगवेगळ्या जातींच्या बायकांना प्रशिक्षणात एकत्र जेवायला आणि झोपायला लावणं हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. माझ्या मते महाराष्ट्राने जगाला दिलेली सगळ्यात मोठी वैद्यकीय कल्पना हीच, आणि ती उतरंडीच्या तळातून आली.

२००५ मध्ये केंद्राने आशा योजना आणली ती याच कामांच्या खांद्यावर. कोविडमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. ते यंत्र काळ्या त्वचेवर ऑक्सिजन खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासाने मांडलं. आपल्या उन्हात रापलेल्या बोटांवर ते किती खरं बोललं असेल, याचा विचार आपल्या चर्चेत आला नाही. यंत्र बनवतानाही खोलीत कोण बसलं होतं, हा प्रश्न असतोच. त्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री होते राजेश टोपे, घनसावंगीचेच तेव्हाचे आमदार. जून २०२१ मध्ये आशांनी संप केला, तेव्हा मानधनात हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता अशी तडजोड झाली. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक सन्मान केला. कागदोपत्री त्या आजही स्वयंसेविकाच आहेत.

जालना जिल्ह्यातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय बदनापूरजवळ वरुडीला, अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेने काढलेलं. एका मदरशाच्या संस्थेने सरकारच्या कित्येक वर्षं आधी जालन्यात एमबीबीएस आणलं, हे मराठवाड्याबाहेर सांगितलं तर लोक दोनदा विचारतात. सरकारी महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं, १०० जागांचं. त्याच्या प्रवेशयादीत अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, विमुक्त-भटके, ओबीसी, आर्थिक दुर्बल, मराठा, सगळे रकाने भरलेले असतील. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. मग वर्षभराच्या सरकारी सेवेचा बाँड.  तेव्हा त्यातला एखादा घनसावंगी-मंठा-परतूरकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात येईल, आणि त्याच्या टेबलासमोर आशाताई रजिस्टर घेऊन उभी असेल. तिला बसायला खुर्ची असेल का, हे त्या तुकडीला शिकवणाऱ्यांनी आत्ताच ठरवायला हरकत नाही.