होडी मोडली तरी बांधणी राहील

मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. असे भाग्य आपल्या किनाऱ्यावरच्या साध्या लाकडी होड्यांना नाही. फायबरच्या होड्या आल्या आणि त्या मागे पडल्या.

तुमचे कोणी सोयरे कोकणात असतील, तर जुन्या होडीची लांबी, रुंदी, खोली आणि बरगड्यांमधले अंतर वहीत उतरवून आणा. त्यावरून घरी तिची प्रतिकृती करता येते. फुटाला अर्धा इंच धरा, म्हणजे २४ फुटी होडी एका फुटात बसते. सुताराकडचे उरलेले तुकडे पुरतात.

आधी तळाचा कणा, मग बरगड्या, मग पातळ पट्ट्या. पट्ट्या भिजवून, ऊब देऊन वाकवा आणि वाळल्यावरच चिकटवा. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे अशा लावा. एकच बाजू आधी भरली तर कणा पीळ खातो.

घाई नको. पावसाळ्यातल्या संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसा. किनाऱ्यावरची होडी उद्या मोडीत निघेल, पण तिची बांधणी तुमच्या घरात राहील.