परवाना एक, राज्ये अनेक

कोलकात्याच्या उत्तरेस, शहराला लागूनच, डमडम ही वस्ती आहे. तिच्यातून जाणारा जेसोर रस्ता विमानतळावरून पुढे बांगलादेशाच्या सीमेपर्यंत पोहोचतो. या रस्त्यावर परराज्यांतील मालमोटारींची वर्दळ असते. समजा, कोल्हापुरात परवाना मिळालेल्या एका चालकाने येथील नागेरबाजारपाशी बेदरकारपणे गाडी हाकून एका सायकलस्वारास जबर जखमी केले. रस्ता पश्चिम बंगालचा, परवाना महाराष्ट्राचा. मग या गुन्ह्याची नोंद कोणी ठेवावयाची?

या प्रश्नाचे मूळ राज्यघटनेत सापडते. यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे मोटार वाहन अधिनियम, 1988 हा संसदेने केलेला कायदा सर्व देशास लागू आहे. त्याची अंमलबजावणी मात्र राज्ये करतात. कोणत्याही राज्यात दिलेला परवाना भारतभर चालतो आणि एका व्यक्तीस एकाच वेळी दोन परवाने बाळगता येत नाहीत. शिवाय घटनेच्या 261 व्या अनुच्छेदानुसार एका राज्यातील सार्वजनिक अभिलेखांना व न्यायालयीन निर्णयांना देशात सर्वत्र पूर्ण मान्यता द्यावी लागते.

अमेरिकेची स्थिती निराळी आहे. तेथे प्रत्येक राज्याचा वाहतूक कायदा स्वतंत्र असल्याने एकमेकांना दोषसिद्धी कळविण्यासाठी राज्यांना 1961 पासून आपसांत करार करावा लागला. काही राज्ये आजही त्याबाहेर आहेत.

आपल्या उदाहरणातील चालकावर खटला पश्चिम बंगालमध्येच चालेल. तो गावी निघून गेला, तरी न्यायालयाचे अटक वॉरंट भारतात कोठेही बजावता येते. ते कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालानेही पाठविता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही व्यवस्था 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. दोष सिद्ध होऊन न्यायालयाने त्यास वाहन चालविण्यास अपात्र ठरविले, तर तसा शेरा परवान्यावर लिहिला जातो आणि त्याचा तपशील परवाना देणाऱ्या कार्यालयास कळविला जातो. पुढे नवा परवाना घेतला, तरी हा शेरा त्यावर उतरतो.

जोवर नोंदी कागदी वह्यांत होत्या, तोवर या साखळीचा कच्चा दुवा म्हणजे टपाल. कागद पोहोचला नाही, तर अपात्र मनुष्य दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नवा परवाना मागू शके. तेथील लेखनिकास त्याचा पूर्वेतिहास कळण्याचा मार्गच नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी परवान्यांकरिता ‘सारथी’ आणि वाहनांकरिता ‘वाहन’ या संगणकीय प्रणाली उभारण्यात आल्या. 2019 च्या दुरुस्तीने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूदही कायद्यात आली.

परंतु नोंद जितकी दूरवर जाते, तितकी तिच्यातील चूकही जाते. ज्याची उपजीविका परवान्यावर अवलंबून आहे, त्याच्यावर चुकीच्या नोंदीने उपासमारीची पाळी येऊ शकते. म्हणूनच परवाना कार्यालयाने कोणास अपात्र ठरविण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे, आणि त्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर चालकास निष्कलंक परवाना मिळण्याचा हक्क प्राप्त होतो.

डमडमच्या सायकलस्वारास संरक्षण मिळावे आणि कोल्हापूरच्या चालकावर अन्याय होऊ नये, ही दोन्ही उद्दिष्टे राज्याराज्यांतील नोंदींच्या अचूकपणावरच अवलंबून आहेत.