खेड्याचा डॉक्टर आणि सरकारी शिष्यवृत्ति

जगांतील सुमारें निम्मी माणसें खेड्यापाड्यांत राहतात. परंतु जगांतील डॉक्टरांपैकीं चौथा हिस्सादेखील त्यांच्या वाट्याला येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिफारशींत नमूद केलें आहे. ही तफावत कोणा एका देशाची नव्हे. ती गरीब देशांत आहे, तशीच श्रीमंत देशांतहि आहे. तिचें कारणहि फारसें गूढ नाहीं. डॉक्टर तयार होतो तो मोठ्या शहरांतील मोठ्या इस्पितळांत. पांचसहा वर्षें तो तेथें राहतो. तेथील यंत्रांची, तज्ज्ञांच्या सल्ल्याची आणि शहरी राहणीची त्याला संवय होते. तेथेंच बहुधा त्याचा संसार मांडला जातो. मग मिळकत अधिक आणि मुलांच्या शाळा चांगल्या, अशा ठिकाणीं तो राहिला, तर त्यांत त्याचा स्वभावदोष पाहण्याचें कारण नाहीं. पण ऐन पावसाळ्याच्या रात्रीं अडलेल्या बाळंतिणीला घेऊन तालुक्याच्या गांवाची वाट धरणाऱ्या कुटुंबाला या स्पष्टीकरणाचा कांहींच उपयोग नसतो.

या अडचणीवर जो उपाय राज्यकर्त्यांना सर्वांत आधीं सुचतो, तो शिष्यवृत्तीचा. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें सोसावा आणि विद्यार्थ्यानें त्याची फेड खेड्यांतील सेवेनें करावी. व्यवहार वरवर पाहतां सरळ आहे. परंतु गेल्या पन्नाससाठ वर्षांत निरनिराळ्या देशांनीं तो करून पाहिला, तेव्हां फळें मात्र फार भिन्न आलीं. तीं कां भिन्न आलीं, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण हा पैसा अखेर कर भरणाऱ्या रयतेचा असतो, आणि त्या रयतेंत डॉक्टरवांचून राहणारें खेडेंहि असतें.

सरकारी पैशानें डॉक्टर घडविण्याची कल्पना भारताला नवी नाहीं. १८३५ सालीं लॉर्ड बेंटिंक यांच्या आज्ञेनें कलकत्त्यास वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें, तेव्हां चौदा ते वीस वर्षांचीं मुलें निवडून त्यांना आरंभीं दरमहा सात रुपये विद्यावेतन देण्याची आणि पुढें योग्यतेप्रमाणें तें वाढविण्याची तजवीज केलेली होती. मात्र त्या पैशामागील हेतु सरकारी नोकरीला माणसें मिळावीं, हा होता. खेडें त्या हिशेबांत नव्हतें. खेड्याचा विचार तपशीलवार मांडला गेला तो पुढें शंभर वर्षांनीं. मूळ नाशिकच्या घराण्यांतील सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर, असें प्रमाण त्या समितीस आढळलें. पण सरासरी ही फसवी वस्तु आहे. ते डॉक्टर मुख्यत्वें शहरांत दाटलेले असल्यामुळें खेड्यांतील माणसाच्या दृष्टीनें तें प्रमाणहि केवळ कागदावरचें होतें. समितीच्या बहुमतानें कमी मुदतीचा परवानाधारक डॉक्टरांचा वर्ग बंद करून पुढें सर्वत्र एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा, असें ठरविलें. सहा सभासदांनीं त्यास आपली भिन्न मतपत्रिका जोडली. बहुमताचा मार्ग पत्करला गेला, आणि तेव्हांपासून हा प्रश्न मागें उरला कीं, या पदवीधराला खेड्यांत आणावयाचें कसें, आणि आणल्यावर टिकवावयाचें कसें?

या प्रश्नाला नुसत्या कराराचें उत्तर किती पुरें पडतें, हें थायलंडच्या अनुभवावरून दिसतें. तेथें १९६७ सालापासून सरकारी महाविद्यालयांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांशीं करार होऊं लागले. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भार सरकारनें उचलावा, विद्यार्थ्यानें पदवीनंतर तीन वर्षें सरकारी सेवा करावी, आणि ती टाळल्यास दंड भरावा. या सक्तीचा फायदा झाला नाहीं असें नाहीं. ज्या तालुक्यांना पूर्वीं डॉक्टर माहीत नव्हता, तेथें तो पोहोंचला. परंतु तो तीन वर्षांचा पाहुणा ठरला. दंडाची रक्कम पुढें चार लाख बात अशी होती. १९८८ नंतरच्या दहाएक वर्षांत त्या देशाच्या व्यापाराची भरभराट झाली, राजधानींत खाजगी इस्पितळें वाढलीं, आणि तेथील मिळकतीच्या मानानें ही रक्कम जड वाटेनाशी झाली. कित्येक तरुण डॉक्टर ती भरून मोकळे झाले. दंड जेव्हां परवडूं लागतो, तेव्हां त्याची भीति उरत नाहीं. तो सुटकेचा दर होऊन बसतो.

याउलट उदाहरण जपानचें आहे. जपाननें १९६१ सालीं आपल्या सर्व नागरिकांना आरोग्यविम्याच्या छत्राखालीं आणलें. औषधोपचाराच्या पैशाची सोय झाली; पण डोंगरांतल्या वाडीवर किंवा लहानशा बेटावर डॉक्टरच नसेल, तर विम्याचा कागद घेऊन रोग्यानें जावें कोठें? ही उणीव भरून काढण्यासाठीं देशांतील सर्व ४७ प्रांतांनीं मिळून १९७२ सालीं टोकियोच्या उत्तरेस तोचिगी प्रांतांत जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन केलें. या संस्थेची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे.

प्रत्येक प्रांत आपल्याकडील दोन किंवा तीन विद्यार्थी दर वर्षीं निवडतो. सहा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च तो प्रांत त्यांना कर्जाऊ देतो. सारे विद्यार्थी एका वसतिगृहांत राहतात. पदवी मिळतांच विद्यार्थी आपल्या प्रांतांत परततो, आणि प्रांताचा पगारी नोकर म्हणून शिक्षणकाळाच्या दीडपट, म्हणजे नऊ वर्षें, सेवा करतो. ही सारी नऊ वर्षें त्याला आडगांवीं काढावीं लागत नाहींत. आरंभीं मोठ्या इस्पितळांत शिकाऊपणा, मग कांहीं वर्षें खेड्यांतील दवाखाना, मध्यंतरीं पुन्हां मोठ्या इस्पितळांत अभ्यास, आणि पुन्हां खेडें, असा क्रम असतो. सुमारें निम्मा काळ ग्रामीण सेवेचा होतो. नऊ वर्षें पुरीं झालीं कीं कर्ज माफ. मध्येंच सोडल्यास तें व्याजासह एकरकमी परत. असें असूनहि शेंकडा ९५ हून अधिक पदवीधर आपला करार पुरा करतात, आणि मुदत संपल्यावरहि बहुसंख्य आपल्याच प्रांतांत राहतात.

या यशाचें श्रेय कर्जाच्या कागदाला जितकें आहे, त्याहून अधिक तीन गोष्टींना आहे. पहिली, विद्यार्थी ज्या प्रांताचा, त्याच प्रांतांत तो परत जातो. दुसरी, पैसा देणारा प्रांत आणि डॉक्टरची गरज असलेला प्रांत एकच असल्यामुळें देणाऱ्याला आपला विद्यार्थी नांवानिशीं ठाऊक असतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, खेड्यांत गेला म्हणून त्याच्या ज्ञानाची वाट बंद होत नाहीं. ठराविक काळानें तो शिकण्यासाठीं परत येतो, आणि आपल्याआधीं गेलेले व आपल्यामागून येणारे सहाध्यायी आहेत, हा धीर त्याला असतो. ग्रामीण विद्यार्थी घेतले तर विद्येचा दर्जा उतरेल, ही शंका नेहमीं काढली जाते. जिचीच्या विद्यार्थ्यांनीं जपानच्या राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षेंत वर्षानुवर्षें अग्रभागीं राहून निदान त्यांच्यापुरती ती निराधार ठरविली आहे.

माणूस कोठला आणि तो शिकला कोठें, या दोन गोष्टींचें वजन किती, हें नॉर्वेच्या अनुभवानें आंकड्यांत दाखवून दिलें. त्या देशाच्या उत्तर भागांत, आर्क्टिक वर्तुळाच्याहि पलीकडे, त्रुम्सो नगरांत विद्यापीठ स्थापण्याचें १९६८ सालीं ठरलें आणि १९७३ पासून तेथें डॉक्टर शिकूं लागले. कांहीं जागा उत्तरेंतील मुलांसाठीं राखून ठेवल्या होत्या. नॉर्वेंत त्या वेळीं सरकारी विद्यापीठाची फी नव्हतीच. म्हणून तेथील सरकारनें आपला पैसा महाविद्यालयच त्या दूरच्या मुलखांत नेण्यांत घातला. पहिल्या तुकड्यांचा हिशेब १९९३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां शेंकडा ५६ पदवीधर उत्तरेंतच राहिलेले आढळले. आणि जे मूळचे उत्तरेंतच वाढलेले होते, त्यांच्यापैकीं शेंकडा ८२ राहिले होते. कोणाच्याहि पायांत बेडी न घालतां हें घडलें. ज्याचे आईबाप, शाळा आणि बालपणचे सोबती त्याच मुलखांतले, त्याला तेथें राहणें ही शिक्षा वाटत नाहीं.

ऑस्ट्रेलियानें या दोन्ही वाटा एकाच वेळीं चोखाळल्या. २००० सालीं तेथें सुरू झालेली एक शिष्यवृत्ति गरजू ग्रामीण विद्यार्थ्यांना वर्षाला दहा हजार डॉलर देई. तिच्याबरोबर सेवेचा करार नव्हता. फक्त ग्रामीण भागांतील एखाद्या अनुभवी डॉक्टरशीं त्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक म्हणून संबंध जोडून दिला जाई. पुढच्याच वर्षीं निघालेली दुसरी शिष्यवृत्ति रकमेनें दुपटीहून मोठी. तिच्या जागा दर वर्षीं शंभर. तिला ग्रामीण जन्माची अट नव्हती. उलट विशेष पात्रता मिळाल्यानंतर सलग सहा वर्षें ग्रामीण भागांत काम करण्याचें बंधन होतें, आणि तें मोडणाऱ्यास पैसे तर परत करावे लागतच, शिवाय सरकारी विम्याच्या रकमेंतून बारा वर्षेंपर्यंत त्याच्या रोग्यांस कांहीं मिळत नसे. अठराव्या वर्षीं केलेली सही अशा रीतीनें तिशीच्या सुमारास अंमलांत यावयाची. तोंपर्यंत माणसाचा जोडीदार, त्याचीं मुलें, त्याची आवड, सारेंच बदललेलें असतें. कालांतरानें या दोन्ही योजना नव्या विद्यार्थ्यांस बंद झाल्या. आणि २०२० पासून आलेल्या नव्या करारांत सेवेची मुदत तीन वर्षांवर आणण्यांत आली.

थायलंडनेंहि आपली चूक ओळखली. १९९४ नंतर तेथें ग्रामीण भागांतील विद्यार्थी निवडून, त्यांच्या शिक्षणाचीं शेवटचीं वर्षें प्रांतोप्रांतींच्या सरकारी इस्पितळांत घालवावीं, अशी नवी योजना सुरू झाली. २००५ सालीं तिला पुढची जोड मिळाली: तालुक्यानें आपला विद्यार्थी द्यावा, आणि त्यानें परत येऊन त्याच मुलखांत बारा वर्षें सेवा करावी, न केल्यास दंड वीस लाख बात. या मार्गानें आलेले डॉक्टर जुन्या मार्गानें आलेल्यांपेक्षां ग्रामीण इस्पितळांत अधिक काळ टिकतात, असें तेथील पाहणींत आढळलें आहे.

येथें न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. ज्याच्या घरीं पैसा आहे, तो शिष्यवृत्ति घेत नाहीं आणि म्हणून बांधलाहि जात नाहीं. किंवा बांधला गेलाच, तर दंड भरून सुटतो. ज्याच्या घरीं पैसा नाहीं, त्याचेंच तारुण्य गहाण पडतें. खेड्याची सेवा हें साऱ्या समाजाचें देणें असतांना तें एकट्या गरिबाच्या मुलाकडून वसूल करावें काय? याचें उत्तर एवढेंच कीं, बंधन घालावयाचें तर त्याच्या मोबदल्यांत खरोखर मोलाचें कांहीं दिलें पाहिजे. पगार वेळेवर, राहण्यास घर, हाताशीं परिचारिका आणि औषधें, अडचणीच्या वेळीं सल्ल्यासाठीं वरिष्ठ, आणि मुदतीनंतर उच्च शिक्षणांत अग्रक्रम, एवढें पदरांत पडलें, तर करार जाचक राहत नाहीं. हें कांहींच न देतां नुसता कागद पुढें केला, तर तो वेठबिगारीच्या जवळ जातो.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें, तर या विचाराचें बीज येथें पूर्वींच पडलेलें आहे. गांधी शताब्दीच्या वर्षीं, १९६९ सालीं, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें सेवाग्राम येथें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि कस्तूरबा हेल्थ सोसायटी यांनीं खर्चाचा वाटा उचलला. विद्यार्थ्यानें आरंभींच आश्रमांत राहावें, प्रत्येक तुकडीनें एक गांव दत्तक घ्यावें, आणि तेथील पदव्युत्तर शिक्षण हवें असल्यास आधीं दोन वर्षें ग्रामीण सेवा करावी, असा तेथील शिरस्ता पडला. तेथें पुढील विद्येचें दारच सेवेच्या बाजूस उघडत होतें. याच्या शेजारीं राज्याच्या सरकारी महाविद्यालयांतून पूर्वीं दीर्घकाळ राहिलेली अट ठेवून पाहावी: पदवीनंतर एक वर्ष सेवा, नाहीं तर दहा लाख रुपये दंड. एका वर्षांत मेळघाटांतला किंवा गडचिरोलींतला नवा डॉक्टर तेथील लोकांची बोली समजूं लागतो, कोणत्या पाड्यावर हिंवताप केव्हां येतो हें ओळखूं लागतो, आणि तेवढ्यांत त्याच्या जाण्याचा दिवस येतो.

यावरून सरकारी पैशाचा सद्व्यय कोणता, हें बरेंच स्पष्ट होतें. शिष्यवृत्ति त्या मुलखांतल्याच मुलाला किंवा मुलीला द्यावी. शिक्षणाचा कांहीं भाग जिल्ह्याच्या इस्पितळांत, आपल्या लोकांमध्यें व्हावा. सेवेची मुदत ओळख जडण्याइतकी लांब, पण माणूस खचून जाणार नाहीं इतकी बेताची असावी. आणि त्या मुदतींत त्याला एकटें सोडूं नये. यांतील एकहि गोष्ट गाळली, तरी बाकीच्यांवरील खर्च बराचसा वायां जातो. शिष्यवृत्ति किती विद्यार्थ्यांना वांटली, हा आंकडा अंदाजपत्रकांत शोभून दिसतो. पण तिची खरी परीक्षा कराराची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीं होते. त्या दिवशीं सकाळीं खेड्यांतील दवाखान्याचें दार उघडें असेल आणि आंत तोच डॉक्टर बसलेला असेल, तर रयतेचा पैसा सत्कारणीं लागला असें म्हणावें.