राखीव जागा कोणाची?

दवाखाना, बँक किंवा सरकारी कचेरीच्या आवारात व्हीलचेअरचे चित्र रंगवलेली पार्किंगची जागा आपण पाहिली असेल. पुण्यात दुचाकींची गर्दी एवढी, की ती मोकळी दिसताच ‘पाचच मिनिटे’ म्हणून कोणी तरी तेथे स्कूटर लावतो. तेवढ्यात एखाद्या रुग्णाला गाडीतून न उतरताच परत जावे लागते.

ही जागा ३.६ मीटर रुंद असावी, असा केंद्र सरकारचा निकष आहे. कारण साधे आहे. दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता आली, तरच रुग्णाला तीत सरकता येते. म्हणून बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातही वाहन लावू नये.

‘हा तर चांगला चालतो!’ असा शेराही मारू नये. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यांतलेच. असा रुग्ण सकाळी चालतो आणि दुपारी त्याचे पाऊल उचलत नाही.

मात्र यूडीआयडी ओळखपत्र व्यक्तीचे असते, गाडीचे नव्हे. आजोबा घरी असताना नातवाने त्यांच्या कार्डावर ही जागा अडवू नये. अपंगांच्या सवलतीचा फसवणुकीने लाभ घेणाऱ्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा चित्र दिसले की गाडी पुढे न्यावी. चार पावले चालणे धडधाकटांच्या प्रकृतीला चांगलेच असते.