पावतीपासून सातबाऱ्यापर्यंत

बीडच्या आर्थिक गुन्हे शाखेत जबाब द्यायला येणाऱ्या ठेवीदाराच्या हातात बहुधा एक कॅरीबॅग असते. तिच्यात ठेवीच्या पावत्या, त्यांच्या झेरॉक्स, आधार कार्ड, पासबुक. पावती जपून ठेवलेली असते, घडीवर घडी न पडू देता, कारण घरातल्या सोन्यानंतर तेवढाच एक मौल्यवान कागद. जबाब नोंदवणारा अंमलदार नाव, वय, गाव, रक्कम, मुदत एवढे विचारतो. पैसे कुठून आले, हे सांगायची मात्र प्रत्येकालाच घाई असते. कुणाची निवृत्तीची रक्कम, कुणाच्या कापसाची पट्टी, कुणाच्या रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला. आणि कुणाचे ऊसतोडीच्या मुकादमाची उचल फिटून हातात उरलेले, म्हणजे नवरा-बायकोच्या एका कोयत्याचे सहा महिने.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरकडची ऊसतोड कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार घालून पश्चिम महाराष्ट्राकडे निघालेली असतील. त्यांच्या पैशाबद्दल लिहायचे तर फडातून नव्हे, शाखेतल्या टेबलापासून सुरुवात करावी लागते. पैसा आता त्या टेबलावर अडकला आहे.

बीडकर ठेवी घेऊन मल्टिस्टेट पतसंस्थांकडे का वळले, याचे उत्तर केवळ हाव असे देणारे पुष्कळ भेटतात. मला ते उत्तर अन्यायाचे वाटते. गेल्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कोलमडली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांची हक्काची बँकच गेली. राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा लांब आणि तिथे माणूस अनोळखी. मल्टिस्टेटची शाखा बाजारपेठेत, पिग्मी गोळा करणारा पोरगा ओळखीतला, व्याज बारा ते चौदा टक्के. शिवाय ‘मल्टिस्टेट’ या शब्दाने मोठा घोटाळा केला. अनेक राज्यांत चालणारी संस्था म्हणजे गावच्या पतसंस्थेपेक्षा भक्कम, वर दिल्लीचे छत्र, असा समज पसरला.

वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. २००२ च्या बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणी झाली की संस्था पुण्याच्या सहकार आयुक्तांच्या हाताबाहेर जाते आणि दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे पोचते. बीडहून दिल्ली किती लांब, हे सांगायला नको. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पतसंस्थेला, मग ती एका तालुक्याची असो की चार राज्यांची, हा विमा लागू नाही. पावतीवर हे ठळक छापण्याची सक्ती असती, तर कितीतरी पैसा वाचला असता.

ज्ञानराधा मल्टिस्टेटचे प्रकरण यातले सर्वांत मोठे. बीडमध्ये मुख्यालय, अध्यक्ष सुरेश कुटे. खाद्यतेलापासून दुधापर्यंत व्यवसाय असलेला त्यांचा उद्योगसमूह घरोघरी माहीत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये समूहावर आयकर विभागाचे छापे पडले, बातमी पसरली, शाखांपुढे रांगा लागल्या आणि काही दिवसांत रोकड संपली. त्यानंतर आश्वासने आणि पुढच्या तारखा. कुटे यांना अटक झाली ती जून २०२४ मध्ये. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार ठेवीदार सुमारे चार लाख, आणि दोन हजार कोटींहून अधिक रक्कम कर्ज म्हणून समूहाच्याच कंपन्यांकडे वळवली गेली. हे आरोप आहेत. ते सिद्ध व्हायचे ते न्यायालयात. पण छापे आणि अटक यांच्यातले आठ महिने ही गोष्ट आरोपाची नाही, पंचांगाची आहे. आठ महिन्यांत जमिनीचे खरेदीखत होऊ शकते, बक्षीसपत्र होऊ शकते, यंत्रसामग्री हलू शकते. तसे घडलेच असे मी म्हणत नाही. ते घडू नये म्हणून कायद्याने कुणावर तरी जबाबदारी टाकलेली आहे.

त्या कायद्याचे नाव महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. बोलताना सगळे एमपीआयडी म्हणतात. गुंतवणूकदारासाठी राज्याने स्वतःचा कायदा करण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. रोख्यांच्या सट्ट्याला आवर घालायला मुंबई इलाख्याने १९२५ मध्येच रोखे करार नियंत्रण कायदा केला होता. १९५६ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि तो मागे पडला. तिकडे अमेरिकेत कॅन्सस राज्याने १९११ मध्ये, लोकांना निळे आभाळ विकणाऱ्या ठगांविरुद्ध म्हणून, असाच कायदा केला. तेव्हापासून तिथे राज्याराज्यांत रोखे विभाग उभे राहिले. त्यात तपासनीस असतात आणि त्या तपासनिसांवर देखरेख करणारा वरिष्ठही असतो. आपल्याकडे शेअर बाजार केंद्राचा, सेबी मुंबईत. गावातल्या ठेवीचा गुन्हा मात्र राज्याच्या पोलिसांकडे आणि देखरेख ज्याच्या त्याच्या कामाच्या रगाड्यात.

एमपीआयडी सहज टिकलेला नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला. २०११ मध्ये तमिळनाडूच्या तशाच कायद्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे मत नाकारले आणि पुढे महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला. एप्रिल २०२२ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात ‘ठेव’ या शब्दाची व्याप्ती किती मोठी आहे, हेही त्याच न्यायालयाने सांगितले. कायदा इतका कसून तपासला गेला आहे की आता त्यात पळवाट शोधणे सोपे नाही.

त्याची ताकद शिक्षेत नाही. सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, एवढ्याने कोट्यवधींच्या व्यवहाराला काय धाक बसणार? ताकद आहे चौथ्या कलमात. संस्थेने ठेव परत केली नाही, तर सरकार तिच्या मालमत्तेवर टाच आणू शकते. तेवढ्याने भागत नसेल तर प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक यांच्या मालमत्तेवरही. आदेश प्रसिद्ध झाला की सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेल्या महसूल अधिकाऱ्याने तीस दिवसांत विशेष न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालयाने टाच कायम केली की विक्री आणि वाटप. वाईट हेतूने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली असेल, तर त्या दुसऱ्यालाही आठवे कलम सोडत नाही.

कागदावर हे चोख आहे. पण ही सारी साखळी सुरू होते शाखेतल्या एका पोलीस निरीक्षकाच्या टिपणापासून. त्याने ठेवीदाराच्या पावतीवरून संस्थेच्या खात्यात जायचे, खात्यातून कर्जदार कंपनीत, कंपनीतून संचालकांत, संचालकांच्या नातेवाइकांत आणि शेवटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या नोंदीत. पावतीपासून सातबाऱ्यापर्यंतची ही वाट पोलीस प्रशिक्षणात फारशी शिकवत नाहीत. गट नंबर चुकला, चतुःसीमा राहिल्या, फेरफार जोडला नाही, की प्रस्ताव त्रुटी काढून परत. तोवर गुन्हे वाढतात, जबाब हजारोंनी साचतात आणि तपास म्हणजे जबाब नोंदवणे एवढाच अर्थ उरतो.

म्हणून तपास करणाऱ्यापेक्षा तपासावर नजर ठेवणारा अधिकारी मला या गोष्टीत मोठा वाटतो. उपअधीक्षक, अपर अधीक्षक, अधीक्षक. केस डायरी वाचून त्याने विचारायचे असते: कोणत्या बँकांना खाती गोठवण्याची पत्रे गेली आणि कोणत्या तारखेला? फॉरेन्सिक ऑडिट कुणाकडे आहे? गुन्हा दाखल होण्याआधीच्या वर्षभरातल्या खरेदीखतांची सूची पाहिली का? अमुक माणसाला आरोपी केले, तमुकाला साक्षीदार, ते कोणत्या कागदाच्या आधारे?

हा शेवटचा प्रश्न बीडमध्ये किती महाग पडू शकतो, ते मे २०२४ मध्ये दिसले. जिजाऊ मॉंसाहेब मल्टिस्टेटच्या गुन्ह्याचा तपास सुरू होता. त्यात आरोपी न करण्यासाठी एका बांधकाम व्यावसायिकाकडे एक कोटी रुपये मागितल्याच्या तक्रारीवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा लावला आणि गुन्हा नोंदवला. संशयित होते आर्थिक गुन्हे शाखेचेच तत्कालीन पोलीस निरीक्षक. त्यांच्या घराच्या झडतीत एक कोटीहून अधिक रोकड आणि जवळपास एक किलो सोने सापडले. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण ठेवीदाराच्या डोळ्यांनी पाहा. ज्या टेबलावर त्याने विश्वासाने पावती ठेवली, त्याच टेबलाबद्दल ही बातमी. अनेकांनी त्या दिवशी पैशाची आशा दुसऱ्यांदा सोडली.

तक्रारदार पुढे आला म्हणून ते बाहेर आले. देखरेखीतून आले नाही, ही गोष्ट मला अजून सलते. ज्या शाखेत कुणाला आरोपी करायचे हा निर्णय कोट्यवधींचा असतो, तिथे तो एका माणसाच्या मनावर सोडता कामा नये. प्रत्येक नाव गाळताना कारण लिहिले जावे, वरिष्ठाने ते वाचून सही करावी. हिशेब वाचता येणारा माणूस शाखेत कायम नेमावा. आणि तपास अर्ध्यात असताना पर्यवेक्षण अधिकाऱ्याची बदली झालीच, तर मालमत्तांची यादी नव्या अधिकाऱ्याने पहिल्या आठवड्यात स्वतः पडताळावी.

ज्ञानराधात सक्तवसुली संचालनालयाने हजार कोटींहून अधिक मालमत्तेवर टाच आणली आहे. ठेवीदाराला वाटते, आता पैसे आले. पण एका मालमत्तेवर दोन कायद्यांची टाच असली की न्यायालये दोन, अर्ज दोन, वकीलही दोन. दिलासा देणारी बाब म्हणजे मे २०२५ मधला स्पॉट एक्स्चेंज प्रकरणातला निकाल. एमपीआयडीखाली टाच आलेल्या मालमत्तेवर तारण घेतलेल्या बँकांनाही पहिला हक्क सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे ठेवीदार रांगेत पुढे आला. फक्त मालमत्ता यादीत असायला हवी. यादीत नसलेल्या जमिनीवर रांगेतल्या पहिल्या माणसाचाही हक्क चालत नाही.

टाच आलेल्या मालमत्तांचे आदेश राजपत्रात छापले जातात. राजपत्र कोण वाचतो? तीच यादी गावच्या तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर मराठीत, गट नंबरासह लावली, तर ऊस तोडून परतलेला माणूसही ती वाचील, आणि त्याच्याइतका शिवार दुसऱ्या कुणाला माहीत नसतो. हा गट नंबर चुकला आहे, साहेब, हे तोच सांगेल. आणि ओढ्यापलीकडचा तुकडाही त्याच मालकाचा आहे, मागच्या पाडव्याला मेहुण्याच्या नावावर झाला, हेसुद्धा.