मेलबर्नचे वार्तापत्र : आधी पाणी की आधी कॉफी?

मेलबर्नच्या कॅफेत नुसती ‘ब्लॅक कॉफी’ मागितली की काउंटरवरून प्रश्न येतो, “शॉर्ट की लाँग?” शॉर्ट ब्लॅक म्हणजे निव्वळ एस्प्रेसो, तीसेक मिलिलिटर, दोन घोटांत संपणारा. लाँग ब्लॅकसाठी कपात आधी शंभर-सव्वाशे मिलिलिटर गरम पाणी घेतात आणि त्यावर दुहेरी एस्प्रेसो अलगद सोडतात. तोच एस्प्रेसो आधी घेऊन वरून पाणी ओतले, तर ती अमेरिकानो. जिन्नस दोनच, पण मोहरीआधी हळद टाकणाऱ्या सुनेकडे आपली आजी जशी बघेल, तसा इथला बारिस्टा अमेरिकानोकडे बघतो.

त्याचे सारे भांडण फेसासाठी. साधारण नऊ बार दाबाचे पाणी दळलेल्या कॉफीतून जाते, तेव्हा बियांतले तेल आणि भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड यांचा तांबूस थर वर येतो. हा क्रेमा. पाण्याची धार वरून पडली की तो मोडतो. कॉफी पाण्यावर सोडली की थोडा वेळ तगतो.

मला विचाराल तर क्रेमाचे कौतुक जरा अतीच होते. दिसायला देखणा, पण चवीला कडवट; काही जाणकार तो चमच्याने काढून टाकतात. खरा फरक मापाचा आहे. अमेरिकानोत पाणी सढळ हाताने, लाँग ब्लॅकमध्ये बेताचे, म्हणून ती दाट लागते. इटलीची लुंगो मात्र या दोघींत मोडत नाही. तिच्यात पाणी मागाहून मिसळत नाहीत. भुकटीतूनच जास्त पाणी काढतात, आणि शेवटी शेवटी कडूपणाच उतरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन कुटुंबे इथे मोठ्या संख्येने आली आणि एस्प्रेसो बाररूपाने शहरात रुजला. बर्क स्ट्रीटवरचा पेलेग्रिनीज १९५४ पासून चालू आहे. अशा देशात स्टारबक्स २००० साली उतरले आणि २००८ मध्ये त्यांना ६१ दुकाने एकदम बंद करावी लागली. भराभर शाखा काढण्याची घाई नडलीच, पण कोपऱ्यावरचा ओळखीचा बारिस्टा सोडून लोकांनी तिकडे जावे तरी कशाला? उरलेला धंदा २०१४ मध्ये स्थानिक मालकांकडे गेला आणि त्यांनी पर्यटकांवर भिस्त ठेवली. तिथे अमेरिकानो बिनदिक्कत मिळते.