पाण्याच्या वाटेचा शोध

१७४८ साली पॅरिसमध्ये आबे नोले यांनी डुकराच्या मूत्राशयाची पिशवी मद्यार्काने भरली, तोंड घट्ट बांधले आणि ती पाण्यात बुडवली. पिशवी फुगून टणक झाली. पाणी आत शिरत होते आणि त्याला कुणी ढकलत नव्हते. ऊर्जा न खर्चता पदार्थ पटलापलीकडे कसे जातात, या प्रश्नाचा इतिहास इथून धरायला हरकत नाही.

पुढच्या शतकात द्युत्रोशे यांनी परासरणाचा पद्धतशीर अभ्यास केला. १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी विसरणाचा नियम दिला : दोन बाजूंच्या संहतीत जेवढी तफावत, तेवढा ओघ मोठा. गणित बसले. पण ज्यातून हा ओघ वाहतो ते पटल कशाचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर झुरिचमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी शोधले, आणि या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत देखणे वाटणारे काम हेच. त्यांनी शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर आजमावून पाहिले. मद्यार्क, ईथर पेशीत लगेच शिरत. साखर बाहेरच थांबे. तेलात जो पदार्थ चांगला विरघळतो तो पेशीत लवकर जातो, एवढ्यावरून १८९९ च्या सुमारास त्यांनी सांगितले की पेशीचे आवरण कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन यांसारख्या स्निग्ध पदार्थांचे असले पाहिजे. पटल दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यायला तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ होता! भुलीची औषधे पेशींपर्यंत कशी पोचतात, हेही याच नियमाने उलगडू लागले.

१९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली. तिचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले, म्हणजे पटलात चरबीचे दोन थर. त्यांनी काढलेली चरबी अपुरी होती आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना सावरले आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

अडचण राहिली ती पाण्याची. ते तेलात मिसळत नाही, तरी पेशीत जाते. रेणू लहान आहे, चरबीतून झिरपत असेल, या उत्तरावर बहुतेकांनी समाधान मानले. थोडे पाणी तसे झिरपतेही. पण तांबड्या पेशींमधून पाणी ज्या वेगाने जाते त्याला हे स्पष्टीकरण पुरत नव्हते. १९७० मध्ये मेसी आणि फार्मर यांनी दाखवले की पाऱ्याची संयुगे घातली की हा वेग एकदम घटतो. पारा प्रथिनांना चिकटतो. तेव्हा वाट प्रथिनाची असणार, हे उघड होते. रोमानियातल्या क्लुज शहरात गेओर्गे बेंगा यांनी १९८६ मध्ये पाऱ्याच्याच मदतीने संशयित प्रथिनांपर्यंत माग काढला. त्यांच्या कामाची नोंद जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथिन प्रत्यक्ष हाती आले ते बाल्टिमोरमध्ये, पीटर आग्रे यांच्या. ते शोधत होते आरएच रक्तगटाचे प्रथिन. त्यासोबत एक अनोळखी प्रथिन भरपूर येत राहिले. तेच मूत्रपिंडातही सापडले. ही पाण्याची वाट तर नसेल, ही शंका त्यांचे जुने मार्गदर्शक जॉन पार्कर यांनी सुचवली. मग बेडकाच्या अंडपेशींत त्या प्रथिनाचा आरएनए घालून त्या सौम्य द्रावणात ठेवल्या. काही मिनिटांत त्या फुगून फुटल्या. आरएनए न घातलेल्या जशाच्या तशा राहिल्या. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रथिनाला पुढे ‘अ‍ॅक्वापोरिन’ नाव मिळाले आणि २००३ मध्ये आग्रे यांना नोबेल. पोटॅशियमच्या वाटेची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन त्यात सहमानकरी होते.

अशा एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एकामागोमाग जातात, प्रोटॉनला मात्र तिथे मज्जाव असतो. पाणी कोणत्या दिशेने जाणार हे दोन्ही बाजूंची संहतीच ठरवते. प्रथिन फक्त वाट देते. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेतात, तो मोठ्या प्रमाणात याच वाटांनी. शरीरात पाणी कमी पडले की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पेशीच्या आतल्या जादा वाटा पटलावर आणवते. त्या वाटेचे जनुक सदोष असेल तर माणसाला सतत तहान लागते आणि पातळ लघवी पुन्हा पुन्हा होते.

शिक्षकांना माझी विनंती आहे : पाण्यात मनुका फुगवून परासरण दाखवाल, तेव्हा मुलांना या प्रथिनाबद्दलही सांगा.